ग्राइंडर लावण्याआधी: जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या मालकांना आणि मिस्त्रींना खुले पत्र

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रति,
जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली विकत घेणारे, सांभाळणारे, नव्याने उभ्या करणारे आणि बदलून घेणारे सर्व मालक, तसेच या गाड्यांवर काम करणारे गॅरेजवाले व मिस्त्री बंधू यांस,

विषय: ज्या बदलातून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही, तो बदल न करण्याविषयी विनंती.

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण राजदूत ३५० चे दोन्ही सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बोअरिंगच्या दुकानात घेऊन आला. गाडी १९८७ सालची, त्याच्या मामांनी एकहाती वापरलेली. मामांच्या पश्चात ती त्याच्याकडे आली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता, हे त्याने ते पुडके ज्या जपणुकीने टेबलावर ठेवले त्यावरूनच दिसत होते. गाडी कमी ताकदीच्या, म्हणजे आपण ज्याला ‘एलटी’ म्हणतो त्या प्रकारातली होती. तिची जास्त ताकदीची ‘एचटी’ करावी म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून दोन्ही सिलिंडरचे एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे भिंतीतल्या धूर बाहेर सोडणाऱ्या खिडक्या, हँड ग्राइंडरने स्वतःच रुंद केले आणि वर उचलले. तीन आठवडे गाडी जोरात पळाली. चौथ्या आठवड्यात कागलच्या पुढे हायवेवर उजव्या बाजूने खाडकन आवाज आला, मागचे चाक जाम झाले, आणि मागून येणारे वाहन लांब होते म्हणूनच तो धडधाकट घरी पोहोचला.

मी सिलिंडर उजेडात धरून आत बोट फिरवले. पोर्टची वरची कड पात्यासारखी बोटाला लागली. आपणांपैकी जे मिस्त्री आहेत त्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण मालकांसाठी सांगतो, की पिस्टनची रिंग सतत बाहेरच्या बाजूला ताणलेली असते आणि पोर्टच्या खिडकीवरून जाताना ती किंचित बाहेर फुगते. खिडकीची रुंदी मर्यादेत असेल आणि कडा गोल मारलेल्या असतील तर ती अलगद पुन्हा आत सरकते. खिडकी वाजवीपेक्षा रुंद झाली आणि कड धारदार राहिली की रिंग तिथे अडकते आणि तुटते. तसेच झाले होते. रिंगचा तुकडा पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या आतल्या बाजूला शेकडो वेळा आपटून तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. त्या सिलिंडरमध्ये अगोदरच शंभरचा, म्हणजे मूळ मापाहून १ मिलिमीटर मोठा, पिस्टन बसवलेला होता. मोठ्या पिस्टनचे पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर हे चारही टप्पे संपले होते. आता नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतले लोखंडी अस्तर, ठोकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि नव्या स्लीव्हमध्ये पोर्ट पुन्हा कापायचे म्हणजे मूळ मापे हवीत. ती डाव्या सिलिंडरवरून घ्यावीत, तर डावाही त्याने कापला होता. त्या गाडीचे मूळ माप त्या गाडीत कुठेही शिल्लक राहिले नव्हते.

हे पत्र मी त्या तरुणावर राग धरून लिहीत नाही. त्याने जे केले ते प्रेमापोटी केले, आणि असे प्रेम करणारी मुले आहेत म्हणूनच या गाड्या आज भंगारात वजनावर जाण्याऐवजी रस्त्यावर दिसतात. मात्र गेली चाळीसहून अधिक वर्षे या गाड्यांचे सिलिंडर बोअर करण्यात आणि क्रँक भरण्यात घालवल्यावर मला एकच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बदल करायचा असेल तर असा करावा, की पुढच्या मालकाला चार बोल्ट खोलून गाडी जशी होती तशी करता आली पाहिजे. ज्यात मूळ धातू कापला जातो, मूळ नंबर पुसला जातो किंवा मूळ भाग भंगारवाल्याकडे जातो, असा बदल करण्याचा हक्क कागदोपत्री आपला असेलही, पण दुर्मीळ गाडीच्या बाबतीत तो आपण वापरू नये.

दुर्मीळ कशाला म्हणायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ मध्ये जावा २५० तयार होऊ लागली, १९७३ पासून त्याच कारखान्यातून येझदी या नावाने गाड्या निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली राजदूत ३५० १९८३ मध्ये आणली. पेट्रोल फार पिते आणि सुटे भाग महाग पडतात म्हणून लोकांनी तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवली आणि दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. यामाहाच्या आरएक्स १०० चा काळ १९८५ च्या नोव्हेंबरपासून १९९६ च्या मार्चपर्यंतचा. जुन्या एनफिल्डची फ्युरी, जिला त्या काळात पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता, ती तर मी सबंध आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिली आहे. सन २००० पासून धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा रस्ता मिटत गेला. आज जावा आणि येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे, पण २०१८ नंतरच्या या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. जुन्या इंजिनाचे ओतीव भाग आता कोणी पुन्हा ओतणार नाही. म्हणून मी दुर्मीळ ठरवताना किमतीकडे पाहत नाही. या गाडीचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे ओतीव कवच, उद्या फुटला तर दुसरा कुठून आणायचा, एवढाच प्रश्न विचारतो. आरएक्स १३५ च्या बाबतीत त्याला आजही उत्तर सापडते. साठच्या दशकातल्या जावाच्या बाबतीत ते उत्तर म्हणजे दुसरी जावा फोडणे, एवढेच असते.

पोर्टिंगविषयी, म्हणजे पोर्ट कापण्याविषयी, मी इतका आग्रह का धरतो, याचे कारण या इंजिनाच्या घडणीतच आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल कधी आत घ्यायचे आणि धूर कधी बाहेर सोडायचा हे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह ठरवतात. कॅमशाफ्ट बदलला तर स्वभाव बदलतो, आणि जुना पुन्हा बसवला की स्वभाव परत येतो. टू-स्ट्रोकमध्ये हे वेळापत्रक सिलिंडरच्या भिंतीत कापलेल्या खिडक्यांच्या उंची-रुंदीत असते. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, हीही ५० मिलिमीटर. एवढ्याशा जागेत एक्झॉस्टची कड १ मिलिमीटरने वर गेली तरी वरच्या आरपीएमला ताकद वाढते आणि खालची ओढ निघून जाते. घाटात तिसऱ्या गिअरवर मुंगीच्या पावलाने चढणारी गाडी मग दुसऱ्यावर आणि आरडाओरडा करत चढू लागते. घासून काढलेला धातू भरून येत नाही. स्लीव्ह बदलली तरी ज्या माणसांनी कागदावर हिशेब मांडून त्या खिडक्या आखल्या होत्या त्यांची आखणी नव्या स्लीव्हमध्ये आपोआप येत नाही. कापणाऱ्या मिस्त्रीचा हात येतो. ज्याला शर्यतीसाठीच गाडी करायची असेल त्याने आरएक्सचा दुसरा सिलिंडर विकत घ्यावा, तो हवा तसा कापावा, आणि मूळ सिलिंडर तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवावा. हे मी अनेकांना करून दिले आहे आणि आनंदाने करून देईन.

सायलेन्सरचेही तसेच आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाज दाबणारा नळकांडा आहे असे समजून त्यातले बफल, म्हणजे आवाज अडवणारे आतले पत्रे, उपटून टाकणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात त्या नळीचा फुगवटा आणि पुढे तिचे निमुळते होत जाणे मोजून केलेले असते. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पोर्ट मिटण्याआधी बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आतले सामान काढले की आवाज वाढतो, म्हणून गाडी जोरात झाल्यासारखी वाटते, आणि पेट्रोल मात्र न जळताच बाहेर जाते. जावाचे तर एकाच सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आणि दोन सायलेन्सर असतात. त्यांपैकी एक बुजवून एकाच बाजूने काढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाईट वाटले आहे. बाहेरून लावायचा तर वेगळा चेंबर, म्हणजे शर्यतीच्या धर्तीचा सायलेन्सर, लावा, कायद्याच्या आवाजाच्या मर्यादेत लावा, आणि मूळ जोडी कापू नका.

एवढे लिहिल्यावर आपणांस वाटेल की हा माणूस सगळ्याच बदलांच्या विरोधात आहे. तसे नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत तर मुळीच नाही. यामाहाच्या मूळ आरडी ३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता; आपल्याकडच्या राजदूतला ड्रम मिळाला, आणि त्या इंजिनाच्या वेगाला तो पुरत नाही, हे ज्यांनी ती गाडी पावसात चालवली आहे त्यांना माहीत आहे. या गाडीवर माणसे गेली आहेत. ज्याला ती रोज किंवा घाटात चालवायची आहे त्याने पुढचे सगळे काम, म्हणजे फोर्क, चाक आणि डिस्क यांचा दुसरा पूर्ण संच, बोल्टने बसवून घ्यावा. त्यासाठी मूळ फोर्कला कान वेल्ड करू नयेत, मानेची नळी घासू नये, आणि निघालेला ड्रमचा संच जसाच्या तसा जपावा. असा मोठा बदल आरटीओच्या परवानगीने आणि आरसीवर नोंद करूनच करावा. माणसाचा जीव गाडीच्या अस्सलपणाहून मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इग्निशन आणि दिवे यांविषयीही तेच. सीबी पॉइंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जुन्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर, चालणारी येझदी सकाळच्या गारठ्यात रडवते, सहा व्होल्टचा दिवा खेड्याच्या रस्त्यावर पुढचा खड्डाही दाखवत नाही. बारा व्होल्टचा संच आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तर त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण जुनी प्लेट, कॉइल आणि पॉइंट एका डब्यात मावतात. मात्र त्या डब्यावर गाडीचा नंबर आणि भाग काढल्याची तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे असे किती तरी डबे आहेत ज्यांतले सामान उत्तम आहे आणि कोणत्या गाडीचे आहे ते सांगायला कोणी उरलेले नाही.

एक बदल तर आता करावाच लागेल, आणि तो इंधनाचा आहे. पंपावर आज मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे असते. आपल्या गाड्या ज्या काळात घडल्या त्या काळातले रबर, कॉर्क आणि टाकीच्या आतले लेप त्यासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलच्या कॉकमधले वॉशर फुगतात, कार्बोरेटरच्या निडलचे रबरी टोक चिकट होते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते; टाकीत महिनोन्‌महिने उभे राहिलेले पेट्रोल पाण्याचा अंश घेऊन खाली वेगळा थर धरते आणि टाकी आतून गंजते. ज्या गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, म्हणजे जावा आणि बहुतेक येझदी, त्यांच्या टाकीत असे शिळे मिश्रण ठेवणे अधिकच धोक्याचे, कारण ऑईल कुठे आणि किती पोहोचते याचा भरवसा राहत नाही. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन तापला की तो सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मेन जेट गरजेप्रमाणे एखाद-दोन नंबर मोठा घालून प्लगचा रंग पाहावा, रबरी सामान नव्या प्रतीचे घालावे, ऑईल चांगल्या दर्जाचे आणि ठरलेल्या प्रमाणातच वापरावे, आणि गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी, म्हणजे फ्लोट बाउल, रिकामा करावा. हे सगळे परत फिरवता येण्याजोगे बदल आहेत. या गाड्या धूर करतात हे खरे आहे, त्यामुळेच टू-स्ट्रोकचा रस्ता मिटत गेला, हेही खरे आहे. म्हणून त्या जपण्याची परवानगी समाजाकडे मागताना आपल्या गाडीमागे निळ्या धुराचा लोट सुटणार नाही एवढी काळजी आपणच घ्यायला हवी.

आता सांगाड्याविषयी. इथे मला माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका गिऱ्हाइकाने मरून रंगाची, टाकीवर क्रोमचे पट्टे आणि गुडघ्यांशी रबरी पॅड असलेली जुनी जावा आणली. तिचे मागचे मडगार्ड कापून आखूड करायचे होते आणि सांगाड्याचा मागचा भाग वळवून सीट खाली घ्यायची होती. मी तरुण होतो, दुकान नवे होते, आणि गिऱ्हाईक सांगेल ते करायचे एवढेच मला माहीत होते. मी करवत चालवली. खोल, गोलाकार, एका पत्र्यातून दाबून काढलेले ते मडगार्ड दोन तुकडे होऊन खाली पडले त्याचा आवाज मला आजही आठवतो. त्या वेळी अशा जावा पुष्कळ होत्या आणि आम्हांला वाटत होते की त्या कायमच पुष्कळ राहतील. आता तसे मडगार्ड शोधत लोक माझ्याकडे येतात, आणि नव्याने ठोकून केलेल्या मडगार्डाची वक्रता कधीही तशी उतरत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट हँडलच्या मानेवर आणि इंजिनावर उमटवलेल्या नंबरांची आहे. सांगाडा घासून पावडर कोटिंग करताना नंबर बुजवणे, दुसऱ्या गाडीचा सांगाडा आणून त्यावर आपला नंबर पंच करणे, असे प्रकार सर्रास चालतात आणि ते करून देणारी माणसे आपल्यातच आहेत. मिस्त्री बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे, की कितीही पैसे मिळत असले तरी नंबर पाडून देऊ नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या क्षणापासून ती गाडी कोणती होती हे जगात कोणालाच सांगता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

कायद्याची भीती हे माझे मुख्य कारण नाही; संधी हे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात नोंदवता येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षांसाठी असते, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. या सगळ्याला एक अट आहे, आणि ती अशी की गाडीच्या चॅसीत, बॉडीत आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या जावा-येझदी आजच या वयात बसतात. पहिल्या राजदूत ३५० ची पन्नाशी २०३३ मध्ये आहे. आज जो चॅसीला कटर लावतो, तो आठ-दहा वर्षांनी उघडणारे दार आपल्याच हाताने आजच बंद करतो. (पन्नास वर्षांची ही मर्यादा मला स्वतःला फार लांबची वाटते, जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिव्हा’ तीस वर्षांनंतर वाहन ऐतिहासिक मानते, आणि आपल्या सरकारनेही मधला एखादा वर्ग करावा असे मला वाटते. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि तो वर्ग उद्या झाला तरी न कापलेल्या गाडीचीच अट त्याला असेल.)

याच संदर्भात नव्या सुरक्षा नंबरप्लेटविषयी एक बारीकशी पण निकडीची गोष्ट. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या सर्व गाड्यांना ती लावणे आपल्या राज्यात बंधनकारक आहे आणि ती लावलीच पाहिजे. पुढची प्लेट २८५ बाय ४५ मिलिमीटरची येते. जुन्या जावाच्या पुढच्या मडगार्डावर जी उभी, पात्यासारखी पट्टी असते तिच्यावर ती बसत नाही, म्हणून बसवणारा मुलगा घाईत ड्रिल घेऊन मडगार्डालाच दोन भोके पाडतो. मी हे तीन गाड्यांवर पाहिले आहे. प्लेट बसवायला जाण्याआधी फोर्कच्या किंवा दिव्याच्या बोल्टवर बसणारी एक साधी लोखंडी पट्टी कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, आणि तीच घेऊन जा. जुनी, पेंटरने हाताने रंगवलेली, ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची पाटी घरी भिंतीवर ठेवा, तीही त्या गाडीचाच भाग आहे.

रंगाविषयी थोडक्यात लिहितो. गाडी नवी कोरी दिसावी म्हणून चांगला मूळ रंग खरवडून काढण्याची घाई करू नका. टाकीवरची सोनेरी रेघ कोणा कारागिराने हाताने ओढलेली असते आणि तिच्यात त्याचा हात दिसतो. संगणकावर कापलेले स्टिकर तिची जागा घेत नाही. गंज लागलेला नसेल तर धुऊन, पॉलिश करून, ओरखड्यांसकट तो रंग राहू द्या. मूळ रंग गाडीला एकदाच मिळतो. इंजिन काढून त्या जागी बॅटरी आणि मोटर बसवण्याची जी नवी हौस आली आहे तिच्याबद्दल मी एवढेच म्हणेन, की त्यासाठी जावाचा सांगाडा कशाला हवा, नवा सांगाडा करून घ्या.

मिस्त्री बंधूंनो, आता खास आपल्याशी बोलतो, कारण शेवटी पाना आपल्या हातात असतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची सवय आपल्याला कोणी लावली नाही. आपण घरभाडे, मुलांच्या फी आणि हप्ते या कामावर भरतो, हे मला माहीत आहे, कारण मीही तसेच भरले आहेत. तरीही एखादा मुलगा दुर्मीळ गाडीचा सिलिंडर कापायला घेऊन आला तर त्याला अर्धा तास द्या, त्याला पोर्ट उघडून दाखवा, रिंग कशी चालते ते समजावून सांगा. माझा अनुभव असा आहे, की दहांतली सात-आठ मुले ऐकतात, आणि जी ऐकतात ती पुढची वीस वर्षे आपलीच गिऱ्हाइके होतात. काढलेला कोणताही मूळ भाग भंगारात न टाकता मालकाच्या हाती परत द्यावा आणि बिलावर तशी ओळ लिहावी. बोअर करताना किती साईजचा पिस्टन घातला, क्लिअरन्स किती ठेवला, हेडवरून किती घेतले, हे एका वहीत गाडीच्या नंबरासह नोंदवावे. पुढचा मिस्त्री, तो कदाचित आपला मुलगाच असेल, या वहीसाठी आपल्याला दुवा देईल.

आणखी एक काम आहे आणि त्याला खर्च चहाच्या कपाइतकाही नाही. सिलिंडर कोणत्याही कारणाने उघडला की आत पातळ कागद गोल गुंडाळून भिंतीला चिकटवून बसवावा आणि प्रत्येक पोर्टच्या कडेवरून बोटाने किंवा पेन्सिलच्या शिशाने घासून त्याची छाप घ्यावी. कागद बाहेर काढून सरळ केला की सगळ्या खिडक्या खऱ्या मापात समोर येतात. त्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेची रेघ ओढावी, गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पिस्टनची साईज लिहावी. न कापलेल्या सिलिंडरची अशी एक छाप असली तर शंभर मैलांवर फुटलेल्या दुसऱ्या गाडीची स्लीव्ह अंदाजाने कापावी लागत नाही. माझ्याकडे येझदी रोडकिंगच्या, आरएक्स १०० च्या आणि दोन जावांच्या छापा फाइलमध्ये लावलेल्या आहेत, आणि ज्याला हव्या असतील त्याला मी त्यांची प्रत विनामूल्य देतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिवसाला, आपण गावोगावी गाड्या घेऊन जमतो, छायाचित्रे काढतो. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिस्त्रीकडून घेतलेली छाप सोबत आणली आणि एकमेकांना दिली, तर दोन-तीन वर्षांत आपल्याकडे असा संग्रह होईल जो बंद पडलेल्या कारखान्यांकडूनही आता मिळणार नाही.

त्या तरुणाचे दोन्ही सिलिंडर अजून माझ्या दुकानात फळीवर आहेत. स्लीव्ह आणून ठेवली आहे, पण मी ती कापलेली नाही. राजदूत ३५० एलटीचा, पोर्टला कधीही हात न लावलेला सिलिंडर ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांचे इंजिन रिंग किंवा गॅस्केटच्या कामासाठी येत्या काळात तसेही उघडणार आहे, त्यांनी कृपया हेड बसवण्याआधी कळवावे. मी कागद आणि पेन्सिल घेऊन आपल्या गावी येईन, अर्ध्या तासात छाप घेईन, आणि सिलिंडरला दुसरे काहीही करणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उद्यमनगरातला एक बोअरिंगवाला